जागा नाही

किबुये बाजारात, फाटक्या छत्रीखाली,
खोक्यावर काच टाकून मी लोकांचे फोन उघडतो.
कोणाचा कुठे दुखतो ते हातात घेतल्याबरोबर कळतं:
किल्ल्यांसोबत खिशात नांदलेला,
उशाखाली घामेजलेला,
एक तर उगालीच्या पातेल्यात पडलेला.
माझा स्वतःचा मात्र रोज रात्री झाडून-पुसून लख्ख.
शिळं काही ठेवायचं नाही, हा माझा नियम.

रोझलिदांच्या फोनला माशांचा वास.
डुंगाच्या किनाऱ्यावर त्या ओमेना विकतात,
बोटभर वाळके मासे, डब्याच्या मापाने.
आवाजाच्या बटणाच्या फटीत एक खवला चमकत होता.
‘नातवाचा फोटो येत नाही,’ म्हणाल्या.
‘चार दिवसांचा झाला पोरगा,
आणि हा मेला म्हणतो, जागा नाही.’

पाहिलं, तर मेसेजच मेसेज.
सगळ्या पैशांच्या पावत्या:
इतके पाठवले, इतके आले, इतके उरले.
म्हटलं, पुसून टाकू?
त्यांनी फोन असा ओढला
जसं मी झोपलेल्या बाळाला चिमटा काढणार होतो.

‘आधी वाच,’ म्हणाल्या. चष्मा घरी राहिला होता.

दोन हजार, होडीवाला ओगुटू.
‘वारा होता त्या दिवशी. जाळं फाटलं. अर्धे मीच भरले.’
तीनशे, दवाखाना.
‘धाकटीचा कान.’
साडेसातशे, शाळा. पुन्हा साडेसातशे, शाळा.
‘पहिले एक आकडा चुकून कुठल्याशा न्हाव्याला गेले.
भांडून परत आणले.’
पाचशे, पास्टर.
यावर काही बोलल्या नाहीत.
दीडशे, बारनाबास ओचोला.
‘तू. काच बसवलीस. तीन दिवसांत पुन्हा तडकली.’
मी घसा खाकरून पुढचा वाचला.

मग दर एक तारखेला, न चुकता:
दहा शिलिंग, झकायो ओबाला.
दहा. दहा. पुन्हा दहा.
कोण हा? दहात त्याचं काय भागतं?

‘त्याचं सगळं भागलं. सहा वर्षं झाली जाऊन.
पाठवायच्या आधी फोन विचारतो ना,
झकायो ओबाला, यांनाच ना?
मी म्हणते, हो.’

समोरच्या टपरीवर कोणीतरी तेलात मांदाझी सोडली.
मी खाली पाहून अंगठ्याने वर सरकत राहिलो.
मार्चनंतर नाव वेगळं होतं:
दहा शिलिंग, नाओमी जेबिवॉत.

‘कंपनीने नंबर दुसऱ्याला दिला. एल्डोरेटची पोरगी आहे.
फोन करून विचारत होती, कसले हे दहा?’
मग?
‘म्हटलं, चहा पी.’

खरं सांगायचं तर अक्षरांना जागा लागतेच किती.
सबंध आयुष्य मावतं एका फोटोच्या कोपऱ्यात.
शोधलं तेव्हा चोर सापडला:
चर्चच्या ग्रुपवरचे सूर्योदय,
अकराशे चाळीस,
प्रत्येकाखाली सोनेरी अक्षरांत सुप्रभात.
‘हे पुसू?’ मी भीतभीतच विचारलं.
‘पूस. सूर्य मला सरोवरावर रोज फुकट दिसतो.’

फोटो आला.
लाल, सुरकुतलेला, मुठी आवळलेला, कोणावर तरी रागावलेला.
त्या बराच वेळ बघत होत्या.
मग म्हणाल्या, नाक आमच्याकडचं नाही.

शंभर ठरले होते. पाठवले ऐंशी.
मी काही म्हणायच्या आत टोपली डोक्यावर गेली होती.

रात्री दिवा मालवण्याआधी सवयीने फोन काढला,
दिवसभराचा कचरा निवडू लागलो.
जाहिरात, गेली. लॉटरी, गेली. वीजबिल, गेलं.
रोझलिदा अकुमू यांच्याकडून ऐंशी शिलिंग मिळाले.

अंगठा तिथे आला आणि थांबला.
वीस कमी आहेत, म्हटलं.
पुरावा असू दे.