आधीचं ऑपरेशन

केसपेपरवर सातवा प्रश्न असतो :
आधी कुठलं ऑपरेशन झालंय का?
मिरजेत एकतीस वर्षं मी तो विचारत आले,
मान वर न करता.
बायका म्हणतात, सिझर. नाहीतर नसबंदी. नाहीतर नाही.
मी 'नाही' लिहिते. पुढचा नंबर.

दुर्रिया पत्रावाला, वय एकोणचाळीस, गणपती पेठ, सांगली.
नाही, म्हणाली.
लघवीला आग. वर्षातून चारदा ताप.
दुकानात गल्ल्यावर बसते ती एका मांडीवर भार देऊन.
पुराच्या साली वरच्या मजल्यावर अकरा माणसं, एक मोरी,
कृष्णा जिन्याच्या सहाव्या पायरीला,
आणि ही घोट मोजत होती :
प्यायलं तर जावं लागेल, गेलं तर जळेल.
हे सगळं तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगितलं.

डॉक्टर मगदूमबाईंनी पडदा ओढला.
टेबलावर चढली आणि गुडघे मिटले ते मिटलेच,
तिच्याच दुकानातल्या गंजल्या बिजागरीगत.
दोन बाळंतपणं झालेली बाई!
मी म्हणणार होते, अहो, सैल सोडा की अंग,
जसं आजवर म्हणत आले.
मगदूमबाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.
हातमोजे काढले, स्टूल ओढलं, बसल्या.
आज बघायलाच पाहिजे असं नाही, म्हणाल्या.
तुम्ही थांबा म्हटलं की थांबायचं.
बाहेर पपईवाला दोनदा ओरडून गेला.

मग ती बोलली.
सात वर्षांची होते. बांगड्या भरायला जाऊ म्हणून आईनं नेलं.
तिसरा जिना. दारात ओळखीच्या चपला.
एक म्हातारी, तिच्या हाताला अत्तराचा वास,
नंतर कापसावर काळी भुकटी.
बांगड्या मिळाल्या. हिरव्या.
ह्याला ऑपरेशन म्हणतात का हो?
भूल नाही, सही नाही, दवाखाना नाही.
आमच्यात खफ्ज म्हणतात.
म्हणजे, म्हणत कुणीच नाही.

मी 'नाही' खोडलं.
खोडताना कागद जरा फाटला.

व्रणाखाली गाठ धरलेली, हरभऱ्याएवढी.
मगदूमबाईंनी आधी कागदावर चित्र काढलं,
मग तिच्याच हातात आरसा दिला.
हे तुमचं. एवढं गेलंय. हे मात्र आहे अजून.
आहे? तिनं दोनदा विचारलं.

गाठ काढली, नीट भूल देऊन,
आधी सही घेऊन. सही तिनं पूर्ण नावानं केली, सावकाश.
पुढं टबात कोमट पाणी, दर दोन तासांनी तांब्याभर प्यायचं,
फिजिओच्या पोरीकडं ओटीपोट सैल सोडायला शिकणं,
आणि दर बुधवारी सांगलीहून बसनं येऊन
आतल्या खोलीत पाऊण तास बोलणं,
काही बुधवारी नुसतं बसणं.
सगळं बरं झालं असं नाही.
थंडीत ठणकतं, म्हणते.
पण परवा बाटलीभर पाणी माझ्यासमोर प्यायली,
एका दमात, माझ्याकडं बघत.

तिच्या धाकटीला सातवं लागलंय.
त्याबद्दल तिनं काही विचारलं नाही. सांगितलं :
तिला नाही.

इतके दिवस तिची आई बाहेर बाकावर.
मोतिया रिदा, मांडीवर जेवणाचा डबा.
मी तिच्यावर राग धरून होते.
येशूपुढं रोज गुडघे टेकते मी, तरी
तिला चहा काही विचारला नाही.
शेवटच्या बुधवारी ती खिडकीशी आली,
दहाची नोट घडी उलगडून पुढं सरकवली.
सुवार्ता सिस्टर, माझा पण पेपर काढाल?
नाव?
सुगराबाई.
वय?
बहात्तर. पासष्ट वर्षं झाली, म्हणाली,
मी न विचारताच.

सातव्या प्रश्नाशी आले
तेव्हा पेन खाली ठेवलं
आणि आधी मान वर केली.