हिरवी तार

ग्राशियाना मावशी म्हणाली, "मिरेन, विनेमकाचं गिऱ्हाईक आहे.
त्याला हीटर हवा, एसी हवा. चालतं कर."
मी म्हटलं, बघते.
आमच्या धंद्यात "बघते" हा सगळ्यात महागडा शब्द.

ब्युइक, सहासष्ट सालची. पिस्ता रंग, जिथे उरलाय तिथे.
एल्कोचा ऑगस्ट. स्टिअरिंगला हात लावला
की हात आपला राहत नाही.

आधी हीटर. पंखा फक्त चौथ्यावर फिरतो,
एक, दोन, तीनवर मुका.
हे सोपं. रेझिस्टरची वेटोळी जळून तुटलीत,
आणि चौथा वेग त्यांना न विचारताच
रिलेतून थेट जातो.
बेत्री काकाचं असंच होतं. हळू बोलणं जमायचंच नाही,
गप्प, नाहीतर एकदम आरोळी.
एकोणिसाव्या वर्षी पिरेनीजमधून आला,
दोन हजार मेंढरं, एक कुत्री,
आणि कापडी छपराच्या गाडीत डिसेंबर.
त्यानंतर त्याला थंडी म्हटलं की राग यायचा,
कुणी आईवरून बोलावं तसा.

मग एसी.
नवी सीलं घातली, गॅस भरला, पट्टा ताणला.
बटण दाबते, कान देते. क्लचचा तो एक "टक्" येत नाही.
काळी तार गंजक्या स्क्रूखाली होती, घासली, लखलखली.
तरी नाही.

टेस्ट लॅम्पचा चिमटा पत्र्याला, टोक तारेत.
फ्यूजपाशी पेटला. स्विचच्या आत पेटला, बाहेर पेटला.
वीज इथवर आली आहे,
बैलगाडीने म्हणा, पण आली आहे.
इथून पुढे कुठे जाते?
नकाशात हिरवी तार. गाडीत साठ वर्षांनंतर
हिरवं, करडं, तपकिरी, सगळं तंबाखूच्या रंगाचं.
नखाने खरवडायचं, थुंकी लावून पुसायचं, रंग विचारायचा.

ग्लोव्हबॉक्स काढला. पाय सीटच्या पाठीवर, डोकं डॅशखाली,
तोंडावर पडतात
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, एक काडी,
मेंढीच्या कानातला बिल्ला, नंबर ३१७.

आणि तिथे ती.
उंदराने कुरतडली असती तर दात दिसले असते.
गंजली असती तर पूड सांडली असती.
ही कापलेली. पक्कडीने, एका दमात.
दोन्ही टोकं वेगवेगळी दुमडून
पांढऱ्या कापडी चिकटपट्टीत गुंडाळलेली,
कोकराचा मोडका पाय बांधतात ना, त्या पट्टीत.
त्या पट्टीचं टोक तो नेहमी आतल्या बाजूला खोचायचा.
इथेही खोचलंय.

एकोणीस उन्हाळे.
एकोणीस उन्हाळे मावशी मानेवर ओला रुमाल टाकून
काच उघडी ठेवून रीनोला जायची,
केसांत धूळ, ओठ फुटलेले,
आणि तो चाकामागे, लोकरी बनियनमध्ये, सांगायचा,
"काय करू? या गाडीचा पार्ट मिळत नाही."

तारा सोलल्या, डाख दिला, नळी चढवली.
टक्.

मावशी आत येऊन बसली. काचा वर केल्या.
जाळीतून आधी वाळू, मग जुन्या ओलीचा वास,
मग गार.
तिने दोन्ही हात जाळीपाशी धरले, चुलीपाशी धरतात तसे.
"काय झालं होतं?"
"तार कुजली होती," मी म्हटलं.
तिची नजर माझ्या खिशाकडे,
पांढऱ्या पट्टीचं टोक बाहेर लोंबत होतं.
मी ते आत सारलं. उशिरा.
तिने एक शिवी दिली, बास्क भाषेतली,
जी मला लहानपणी ऐकू दिली नव्हती.
मग बराच वेळ हसली. मग हसली नाही.
पेट्रोल जळत राहिलं.

फोन वाजला. विनेमका.
मावशीने पंखा दोनवर आणला,
आता दोनवरही चालतो,
आणि म्हणाली,
"एसी? नाही हो, बंदच आहे.
काय करू? या गाडीचा पार्ट मिळत नाही."