क्रमांक अठ्ठावन्न

यादीचं काम माझ्याकडे आलं,
कारण ग्रंथालयात जुनी कार्डं वाचता येणारा
आता मी एकटाच उरलोय.
डॉ. बार्दोश एटेल्का. संधिवात आणि प्रतिकारशास्त्र.
सेगेद, तिसा नदीकाठचं विद्यापीठ.
गौरवग्रंथाच्या शेवटी छापायची सूची,
निर्दोष हवी, महिनाअखेरीला.

पहिला लेख एकसष्ट सालचा.
त्यात तिचं नाव पाचवं, तेही एक अक्षर गाळून.
चौथ्यापासून ती श्रीमती चोंका,
अकराव्यापासून पुन्हा बार्दोश.
मधल्या वर्षांबद्दल कार्डं काही बोलत नाहीत.
मी दोन नावांमध्ये एक आडवी रेघ ओढली
आणि पुढे गेलो.

मला त्या शास्त्रातलं फारसं कळत नाही.
एवढंच उमगलं, की शरीर एके दिवशी
स्वतःच्याच सांध्यांना परकं समजू लागतं,
आणि मग तक्रार कुणाकडे करायची?
आपलेच दात, आपलेच ओठ.

एकतिसाव्या लेखात, ‘साधने’ या मथळ्याखाली:
सोनाराकडच्या मापाच्या अंगठ्या, एक जुडगा.
पेरं किती सुजली ते त्यांनी मोजायचं.
शेवटच्या ओळीत ग्रोस लिपोत या सोनाराचे आभार.
बाकांवर बायका बसलेल्या असणार,
पापरिका खुडणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या,
लग्नाची अंगठी साबण लावून केव्हाच उतरवलेल्या,
आता एकेक अंगठी बोटात घालून बघताहेत,
ही नाही जात, ही पण नाही.
रक्तदाबाचा पट्टा मुठीत दाबायला द्यायचे,
पारा चढेल तेवढी ताकद.
काहींचा पारा जागचा हलला नाही.
सकाळी बोटं सैल व्हायला किती मिनिटं लागतात?
एकशे चाळीस. दोनशे दहा.
एकीने नुसतं लिहिलं: दुपार.
या दुपारचं कोष्टकात काय करायचं
यावर तिने अर्धं पान खर्ची घातलंय.

बावन्नावा लेख गाजला.
एक्केचाळीस रुग्ण, एक प्रथिन,
आणि जिन्यासारखा चढत जाणारा आलेख.
प्रागहून पत्रं आली, ओसाकाहून आली.

मग अठ्ठावन्न.
तीन ओळी, पानाच्या तळाशी, मलमाच्या जाहिरातीला चिकटून:
‘रुग्ण सतरा ते तेवीस यांच्या रक्तनमुन्यांच्या चिठ्ठ्या
अदलाबदल झाल्या होत्या. दुरुस्तीनंतर
निष्कर्ष टिकत नाही. चूक माझी.’
बावन्नाव्याला लेखक पाच होते.
इथे सही एकटीची.
पुढची चार वर्षं एकही कार्ड नाही.

विभागप्रमुख केरेकेश म्हणाले, एवढं गाळा.
हे काही संशोधनात धरत नाहीत,
आणि ग्रंथ गौरवाचा आहे. झाकली मूठ राहू द्या.
मी मान डोलावली.
खाली तळघरात येऊन बसलो
आणि ज्यांना कधी पाहिलंही नाही
त्या बाकावरच्या बायका डोळ्यांपुढून हलेनात.
त्यांच्यातल्या कितीजणींची मूठ
मुळी मिटतच नव्हती.

अठ्ठावन्न मी ठेवला.
एकूण चौऱ्याण्णव झाले.
कच्ची प्रत तिला टपालाने पाठवली,
माकोला, बहिणीच्या घरी, तिथे ती आता राहते.

परत आली तेव्हा पानांवर एकच खूण होती.
पहिल्या लेखात मी तिचं नाव सुधारून छापलं होतं;
त्यावर काट मारून समासात लिहिलेलं:
‘तेव्हा जसं छापलं तसंच असू द्या.’
अक्षर मोठं, ओळ उतरत गेलेली,
पेन बोटांत नव्हे, पंजात धरल्यासारखी.
खाली तारीख घालायची होती.
तिने लिहिलं होतं, गुरुवार,
आणि स्वल्पविरामानंतर, बरंच जोर देऊन,
दुपार.