आटे

तिसऱ्या सिलिंडरचा प्लग निघाला
तेव्हा एकटा नाही निघाला.
हेडमधले सगळे आटे गळ्यात घालून आला बाहेर:
अ‍ॅल्युमिनियमचं बारीक वेटोळं,
शार्पनरमधून पडावं तसं.

हे कुणाचं काम, मी विचारलं नाही.
एकवीस वर्षं हा पत्र्याचा गाळा,
मागे रिओनी नदी, पुढे टायरवाला बाद्री.
पिळलेल्या नटावरून हात ओळखू येतात मला.
कुणी घाईत पिळतं, कुणी रागात,
कुणी मनात दुसरंच काही असताना.
हा जीव लावून पिळलेला होता.
असे प्लग सगळ्यांत वाईट निघतात.

झाझानं आपणहून सांगितलं.
"गेला पोलंडला गेला, त्याच्या आदल्या रात्री.
टॉर्च मी धरला होता.
म्हणाला, चारही नवे टाकतो,
मी नसताना तुला बॉनेट उघडायला नको.
आणि मग पान्याला लोंबकळलाच."

कुतैसीतला फेब्रुवारी म्हणजे हाडांत मुरणारी ओल.
स्टोव्ह पायांशी ओढला,
पुली फिरवून पिस्टन खाली नेला,
टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं
चुरा आत पडू नये म्हणून,
आणि झाझाला म्हटलं, आता बोलू नकोस.

सुरुवात सरळ झाली पाहिजे.
पुढचं टॅपचं टॅप बघतो.
अर्धा फेरा पुढे, पाव मागे.
काढायचा, पुसायचा, पुन्हा ग्रीस.
अर्धा पुढे, पाव मागे.
माझा बाप म्हणायचा, नतेला,
मागे येणं हेही कापणंच असतं.
तो स्वतः मात्र कधी मागे आला नाही,
कुठल्याच भांडणात.

मग पोलादी स्प्रिंग, नव्या आट्यांची.
ती आत बसली की तिची शेपटी मोडायची असते
आणि मोडलेली शेपटी आत पडू द्यायची नसते.
लांब नाकाची पक्कड, श्वास बंद,
टिक्.
बरणीच्या झाकणावर ठेवली.
एकच होती, तरी दोनदा मोजली.

नवा प्लग रबरी नळीत खोचून फिरवला.
नळीचा हा गुण:
आटा चुकला तर ती बोटांतच घसरते,
हट्टाला पेटत नाही.
टेकेपर्यंत बोटांनी,
मग पान्यानं अर्धा फेरा.
"एवढंच?" झाझा म्हणाला.
"एवढंच."
"पण गेला तर..."
"एवढंच, पोरा."

ओपेल दोनदा खोकली
आणि चारही पायांवर उभी राहिली.

तेवढ्यात फोन. पोझनान.
ट्रकच्या केबिनमध्ये गेलाची वाढलेली दाढी,
मागे कुठलं तरी गोदाम, बर्फ.
"गाडी?"
"ऐक," म्हणत झाझानं फोन इंजिनावर धरला.
"बघ! म्हटलं नव्हतं? वर्षभर बघायला नको."
"नको," झाझा म्हणाला.
दुसऱ्या मुठीत ते वेटोळं होतं,
मी फेकून द्यायला दिलेलं.

चाळीस लारी झाले होते, तीस घेतले.
उरलेल्या तिघांना मी हात लावला नाही.
तेही तसेच पिळलेले असणार,
त्याच रात्री, त्याच हातानं.
कधीतरी काढावे लागतीलच.

झाझाला म्हटलं, चालतेय तोवर चालव.
तो आला की दोघं या.
पाना त्याला देऊ.
टॉर्च तू धर.