सातनंतर नऊ

चपला घट्ट बांधा, वाट खडीची आहे.
नऊ थांबे, दीड तास, शेवटी माझ्याकडं चहा.

हा पार. गोऱ्याची कचेरी तालुक्याला,
निवाडा मात्र इथं, रात्री, कंदिलाच्या उजेडात.
त्या मोबाइलच्या दुकानाजागी कडब्याची गंज होती;
आत दोन बंदुका
आणि तापानं फणफणलेला एक भूमिगत.
ही विहीर. पोलिसांनी पोटभर पाणी प्यालं
आणि शेंदणाऱ्या गोदूबाईनं
त्यांना थेट येरळेच्या चिखलात धाडलं.
(इथं लोक हसतात. मी तेवढा थांबतो.)

सातव्यानंतर मी जरा भरभर चालतो.
निळ्या दाराचं घर मागं पडतं.

परवा विट्याची एक पोरगी जाग्यावरच उभी राहिली:
"सर, सातनंतर एकदम नऊ?"

घसा खाकरला. चष्मा पुसला.
मग सांगितलं.
इथं खबऱ्या राहायचा. ज्ञानू. माझा आजा.
दोन पोती जोंधळ्यापायी एक नाव फोडलं त्यानं.
पार तोच, कंदील तोच.
तळपायांवर किती काठ्या बसल्या
ते मोजणारं कुणी उरलं नाही.
पुढं एकतीस वर्षं हातांवर सरकत
तो यायचा उंबऱ्यापर्यंत,
रस्त्यानं जाणाऱ्यांचे पाय बघायचा.
मला पाढे त्यानंच शिकवले.

पोरीनं वहीत काही लिहिलं नाही.
वाकून सँडलचा बंद आवळला फक्त.

नववा थांबा त्या नावाचा.
फुलं कुणाकडं आहेत?
चला, कडेकडेनं. ऊन वाढलंय.