बेटावरची मोजणी

सकाळची बोट चुकली तर फैलक्याला जाता येत नाही,
म्हणून साडेपाचलाच मी धक्क्यावर असतो,
खांद्यावर तिकाटणं, डब्यात कालची भाकरी.

बेटाच्या मधोमध, उंटांनी ओरबाडलेल्या झुडपांपलीकडे
गुडघाभर उंचीच्या भिंती आहेत.
एक चर्च, बाराशे वर्षांपूर्वीचं तरी असेल,
आणि भोवती सुटी सुटी घरं,
ज्याचं त्याचं कुंपण, ज्याची त्याची चूल,
शेजार हाकेच्या अंतरावर.
वसईत आमच्या वाड्या अशाच होत्या.

कोण होती ही माणसं?
नकाशात नुसतं घर अकरा, घर बारा.
बाराच्या जमिनीत गिलाव्याचे चर आहेत, बोटभर खोल.
वर खजुराची पोती रचायची,
रस आपसूक कोपऱ्यातल्या रांजणात उतरायचा.
मी लेव्हल लावून पाहिली,
मीटरला दोन सेंटिमीटर, सगळ्या चरांना एकच उतार.
त्या माणसाशी माझं जमलं असतं.

नंदाखालच्या चर्चमध्ये एक जाड वही आहे.
तीत माझा पणजा सापडतो:
बस्त्याव, पासकूचा मुलगा, केळीवाला.
इथे वही नाही.
मार्चमध्ये गिलाव्याचा एक क्रूस निघाला,
मागच्या अंगाला अंगठ्याचा ठसा, ओल्यात उमटलेला.
बाईंनी तो कापसात ठेवला,
आणि दुपारभर कोणी फारसं बोललं नाही.

गुरुवारी मर्झूक येतो,
चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून, मधुमेहाच्या गोळ्या खिशात घेऊन.
किनाऱ्याजवळ त्याचं घर आहे.
नव्वद साली सैन्य आलं, तेव्हा गाव एका दिवसात रिकामं झालं.
भिंतीला भोकं आहेत, त्यांत आता चिमण्या.
अंगणात सिद्र, म्हणजे आपली बोर.
तो तिला कॅनमधून पाणी घालतो
आणि मला ओंजळभर बोरं देतो, किडकी बाजूला काढून.

"तुझ्या त्या चर्चवाल्यांना कोणी हाकललं?"
हाकललं नसावं, मी म्हणतो. हळूहळू गेले असतील.
चुली विझवून, भांडी बरोबर घेऊन. घरांत काहीच सापडत नाही.
तो बोर चघळत राहतो.
"मग बरं.
आम्हाला भांडी नेता आली नाहीत."

मग म्हणतो, माझंही घर मोज.
ते कामात बसत नाही. कंपनी बॅटरीचासुद्धा हिशेब मागते.
मी तिकाटणं उचलून त्याच्या अंगणात रोवतो,
आरशाची काठी त्याच्याच हातात देतो,
उंबरठ्यावर उभं करतो. हलू नका, सांगतो.
तो हलत नाही.
वाऱ्याने दिश्दाशा फडफडते, काठी सरळ.

भिंगातून मला दिसतो
त्याचा अंगठा, काठीवर घट्ट दाबलेला.

वहीत क्रमांकाच्या रकान्यात मी लिहितो: मर्झूकचं घर.
उंबरठा, समुद्रसपाटीपासून तीन मीटर दहा.
बोटीचा भोंगा झालेला असतो.
त्याला अजून सांगितलेलं नाही की झालं म्हणून.