जुळली

बाबांच्या उजव्या अंगठ्यावर
एक चपटी, गुळगुळीत जागा होती,
नोटा मोजून मोजून झालेली.
ताप आला की तीच कपाळावरून फिरायची
आणि मला वाटायचं, ते ताप मोजतायत:
शंभराचं बंडल, कागदी पट्टी, सही.

भांडुपला, टेंभीपाड्याच्या चढावर,
खाली पिठाची गिरणी, वर बँक.
बँक म्हणजे तीन टेबलं, एक जाळीचा पिंजरा
आणि खातेवहीवर बसलेली पिठाची साय.
द्रौपदाबाई महिन्यातून दोनदा यायच्या,
पैसे काढायला नाही, बघायला.
बाबा चारशे दहा रुपये मोजून समोर ठेवत.
त्या डोळे भरून बघत,
मग म्हणत, ठेवा आत.

तिजोरीला दोन किल्ल्या.
एक बाबांकडे, एक कॅशियर इनास तुस्कानोंकडे.
एकीने ती उघडायचीच नाही.
म्हणून बाबा कुठे मुक्कामाला राहिले नाहीत.
मामाच्या लग्नात पंगत उठली तसे निघाले.
आईने जिलेबी डब्यात बांधून दिली, रागातच.
म्हणायची, माझी सवत पितळेची आहे.
आणि दर दिवाळीला त्या सवतीला
चिंचेने घासून लख्ख करायची.

एकदा सात रुपये कमी भरले.
रात्री साडेदहापर्यंत दोघे शोधत होते.
पाचाची आणि दोनची नोट,
जुन्या बंडलात पाठीला पाठ चिकटलेल्या.
आईने तीनदा भात गरम केला.
ते दारातूनच म्हणाले, जुळली.
रोज तेवढंच म्हणायचे.
मग आई पानं घ्यायची.

पुढे एकेका कंपनीचा भोंगा गप्प झाला.
हप्ते थकले.
बाबा वसुलीला मला बरोबर नेत.
मुलगी सोबत असली की लोक दार लावत नाहीत,
हे त्यांनी फार उशिरा कबूल केलं.
मी गेले होते एका बिस्किटाच्या पुड्यावर.
घुमेंच्या घरून शिलाई मशीन उचललं
तेव्हा मी खाली रिक्षात होते.
पायडलला अजून दोरा अडकलेला होता, निळा.
त्या रात्री बाबा जेवले नाहीत.
मशीन मात्र परत गेलं नाही.
हेही लिहायला हवं.
खाडाखोड त्यांना चालत नसे.

धाकट्या उदयला फिट यायची.
त्याची वेगळी वही होती, लाल कापडी पाठीची.
तारीख, वेळ, किती सेकंद,
त्याआधी काय खाल्लं, कोण जवळ होतं.
एकतीस वर्षं, त्याच उभट अक्षरात.
परवा मी ती सगळी चाळली.
एकाही पानाखाली बेरीज नाही.

दहाव्याला कावळा शिवेना.
काका हात जोडून म्हणाले, उदयला आम्ही बघू.
मी म्हणाले, मी आहे.
आत्याने तर तिच्या सुनेशी
नीट वागायचं कबूल केलं, सर्वांसमक्ष.
कावळा फांदीवरून मान वाकडी करून
एकेकाची सही तपासावी तसा बघत राहिला.
गुरुजी घड्याळ बघू लागले.
दर्भाचा कावळा करायची बोलणी सुरू झाली.
तेव्हा आई पुढे झाली.
पदर सावरत, जरा वैतागूनच म्हणाली,
अहो, जुळली. या आता.

तो आला.
उदयने जोरात टाळी वाजवली
आणि तो लगेच उडालाही,
पण दोन शितं त्याच्या चोचीत होती,
ती आम्ही सगळ्यांनी पाहिली.

घरी आल्यावर
आईने वाटीत चिंच भिजत घातली.
किल्ली तर बाबांनी कधीच परत केलेली,
निवृत्तीच्या दिवशी, पावती घेऊन.
कोणी तिला काही बोललं नाही.
वाटी रात्रभर ओट्यावर होती.